चेंडू जाळीत आढळून आला

टण्ण्!

लहान मूल असलेल्या घरातली शांतता ही शांतता नसून तयारी असते, हे सर्वमान्य आहे. पिपरी मेघेतल्या त्या घरात जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी सलग अकरा मिनिटं शांतता नांदली आणि मग रबरी चेंडू पिण्याच्या पाण्याच्या गुंडावर आदळला. स्वयंपाकघरातून काजलनं विचारलं, "काय पाडलं वं रीना?"

"काई नाई आई. गोल झाला."

रीनाचं वय चार वर्षं नऊ महिने. खरा गोल तिनं अजून पाहिला नव्हता. तो पाहण्याचा योग त्याच दिवशी चार वाजता होता, कारण पिपरीच्या संघात तिचा काका ऋतिक खेळणार होता. ऋतिक चार वर्षं संघात होता आणि चार वर्षांत त्यानं एकही गोल मारला नव्हता (तो धावतो मात्र छान, असं सगळे म्हणत). पण आदल्या दिवशी त्यानं पुतणीला कडेवर घेऊन शब्द दिला होता : "तू येजो फक्त. तुह्यासाठी गोल मारतो. तू पाह्यजो." रीनानं तो शब्द घरोघरी जाऊन कळवला होता. त्यामुळे आता माघार शक्य नव्हती, ना काकाला, ना आईला.

मुलाचा पहिला सामना नुसता जाऊन पाहायचा नसतो. त्याची व्यवस्था करायची असते. काजलच्या सासूबाई शकुबाई यांनी ती केली. पिशवीत पाण्याची बाटली, मुरमुऱ्याचा डबा, टॉवेल, एक जादा फ्रॉक, त्या फ्रॉकला काही झालं तर आणखी एक, उन्हाचा भरवसा नाही म्हणून कांदा आणि थंडीचा भरवसा नाही म्हणून कानटोपी. गालावर काळा टिक्का लावला तो लहान वाटला म्हणून पुसून मोठा लावला. काजलचाही हा आयुष्यातला पहिलाच सामना होता (तिच्यासाठी पिशवी भरण्याची पद्धत नाही).

निघताना काजलनं लेकीच्या चपलेचा पट्टा लावता लावता नेहमीचा पाठ म्हणून घेतला. हा पाठ गेल्या महिन्यात सुरू झाला. रीनानं बशी फोडली, स्वतःहून येऊन सांगितलं आणि मार न मिळता लाडू मिळाला, तेव्हापासून.

"जे पाह्यलं ते?"

"सांगायचं."

"घाबरायचं?"

"नाई."

"काऊन?"

"खरं सांगतलं का मोठे लोक ऐकते."

शैक्षणिकदृष्ट्या ही फार उत्तम पायाभरणी होती. ती किती टिकली, ते पुढे येईलच.

आता स्पर्धेविषयी. भरवणाऱ्या मंडळाला कबड्डीचा नऊ वर्षांचा आणि शंकरपटाचा सहा वर्षांचा अनुभव होता. फुटबॉलला ते अलीकडे वळले होते, पण अनुभव वाया जाऊ दिला नव्हता. माईकवर लहानू होता. बैलजोड्या धावताना त्याचा आवाज आर्वीपर्यंत जातो, अशी त्याची ख्याती. फुटबॉलमध्येही तो डाव्या बाजूच्या खेळाडूला "डावा गोऱ्हा" म्हणे आणि कोणी त्याचं वाईट वाटून घेत नसे, उलट धावायला हुरूप येई. मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी हे निवृत्त तलाठी. त्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या, म्हणून मैदान त्यांनीच आखलं होतं. ते एका कोपऱ्यात थोडं निमुळतं झालं होतं, पण नकाशावर बरोबर होतं.

आणि या स्पर्धेची खरी शान म्हणजे सत्कार. वर्गणी देणारा, मंडप देणारा, मंडपाला दोरी देणारा, दोरी आणायला सायकल देणारा, कोणाचेही उपकार मंडळ ठेवून घेत नाही. गेल्या वर्षी प्रत्येक सत्काराला सामना थांबवत. त्यामुळे सत्कार एकोणचाळीस झाले, खेळ सतरा मिनिटं झाला आणि अंधार पडला. त्यातून बोध घेऊन मंडळानं यंदा सुधारणा केली. सत्कार कमी करण्याची सूचनाही आली होती, ती हसून सोडून देण्यात आली. नवे नियम मंडपाच्या खांबाला चिकटवले होते :

एक. सत्कार सुरू असताना खेळ थांबणार नाही. मात्र खेळाडूंनी आवाज करू नये.

दोन. सत्कारमूर्तीकडे पाठ करून धावू नये. अगदीच गरज पडल्यास तिरपं धावावं.

तीन. भाषणाच्या मध्येच शिट्टी वाजवू नये.

चार. रेफरी स्वतः सत्कारमूर्ती असल्यास खेळाडूंनी आपापला फाऊल आपणच समजून घ्यावा.

चारला पाच मिनिटं असताना काजल, शकुबाई, रीना आणि पिशवी मैदानावर पोचल्या. खुर्च्या मंचाकडे तोंड करून मांडल्या होत्या आणि मैदान त्यांच्या पाठीशी होतं. हे काजलला थोडं विचित्र वाटलं. पण चारशे माणसं बसली होती आणि कोणी तक्रार करत नव्हतं, म्हणून सासूबाईंना पुढे खुर्ची देऊन तीही रीनाला कडेवर घेऊन बायकांच्या मागे, कडेला उभी राहिली.

सामना सुरू झाला. आर्वीचा संघ उंच होता, पिपरीचा संघ घरचा होता. पहिल्या सत्तर मिनिटांत बावीस सत्कार झाले. खेळाडू नियमाप्रमाणे तिरपे धावत होते. फाऊल झाला की पडणारा स्वतःच उठून "माहीच चुकी" म्हणे आणि पुढे जाई, इतकं वातावरण सुसंस्कृत होतं. रीनानं या वेळात मुरमुरे संपवले, कानटोपी काढली, घातली, काढली. एकंदर एकोणीस वेळा विचारलं, "आता?"

"आता होईन," काजल म्हणे.

त्र्याहत्तराव्या मिनिटाला माईकवरून नाव आलं : वासुदेवराव. म्हणजे काजलचे सासरे, ऋतिकचे वडील, रीनाचे आबा.

त्यांच्या सत्काराचं कारण असं की पूर्वेकडच्या गोलाच्या दोन बल्ल्या त्यांनी आपल्या गोठ्यातून काढून दिल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात वासुदेवरावांना यापूर्वी कोणी मंचावर बोलावलं नव्हतं. ते वहाणा कुठे काढाव्यात याचा विचार करत दोनदा थांबले, शेवटी हातातच घेऊन वर गेले. शाल पिस्ता रंगाची होती, तिला बोटभर रुंदीचा जरीचा काठ होता, आणि ती आधी उलटी पांघरली गेल्यानं काढून पुन्हा पांघरण्यात आली. नारळ रेफरींच्या हस्ते होता, म्हणून रेफरीही मंचावर होते (याच सुमारास मैदानावर ऋतिकनं गोल मारला). नारळाची शेंडी समोरच्या बाजूला यावी, असं फोटोवाल्याचं म्हणणं पडलं, त्यामुळे नारळ परत घेऊन पुन्हा देण्यात आला. वासुदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

गोल कसा झाला, हे पिपरीत दोनच जणींना ठाऊक होतं. काजलही इतरांसारखीच मंचाकडे पाहत होती. पण रीनानं दोन्ही तळव्यांत तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड मैदानाकडे वळवलं. लहान मुलं तसं करतात, आणि मोठ्या माणसांना त्या वेळी नेमकी घाई असते. काजलला दिसलं ते असं : ऋतिक, समोर चेंडू, डावा पाय, आणि आर्वीचा गोलकीपर मंचाकडे बघून टाळ्या वाजवत असलेला. पुढे काय झालं ते तिच्या गळ्यातून तिला न विचारताच बाहेर पडलं. टाळ्यांच्या कडकडाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

दोन मिनिटांनी रेफरी नारळाबद्दल आभार मानून खाली उतरले, तेव्हा त्यांना चेंडू दिसेना. तो जाळीत होता.

असा प्रसंग मंडळापुढे प्रथमच आला होता. लहानूनं मूलभूत मुद्दा मांडला की, माईकवर न बोललेली गोष्ट घडली असं मानता येत नाही, नाही तर माईकचं भाडं काऊन देऊन राह्यलो? अण्णाजींनी मात्र घाई केली नाही. त्यांनी खिशातून कागद काढला आणि जागेवर पंचनामा केला :

"पूर्वेकडील बल्ल्यांमागील जाळीत एक चेंडू, वापरलेला, मूळ रंग पांढरा असावा, हवा पुरेशी, आढळून आला. सदर चेंडू कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने आत ठेवला याचा उलगडा होत नाही."

मग जबाब सुरू झाले. आर्वीचा गोलकीपर म्हणाला, "मी तं टाळ्या वाजवून राह्यलो होतो जी. मांगं पाह्यलं तं हा तिथं." त्याच्या शिस्तीबद्दल त्याचा लगेच छोटा सत्कार झाला. प्रेक्षकांपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव जणांनी आपण मंचाकडेच पाहत होतो, असं एकमुखानं सांगितलं. त्यांची अडचण रास्त होती. गोल पाहिला म्हणावं, तर वासुदेवरावांकडे पाठ होती असं ठरतं, आणि वासुदेवराव तर शाल पांघरून समोरच उभे.

ऋतिकला बोलावलं. अण्णाजींनी विचारलं, "चेंडू तूच मारला काय बे?"

ऋतिकनं वडिलांकडे पाहिलं. ऊन उतरलं तरी शाल अजून खांद्यावर होती, कपाळावर घाम, हातात वहाणा आणि नारळ. "तू पाह्यलं न रे मले?" वडिलांनी हळूच विचारलं.

"पाह्यलं न बाबा," ऋतिक म्हणाला. मग अण्णाजींकडे वळून म्हणाला, "लागला असंन पायाले."

चार वर्षांतला पहिला गोल त्यानं असा तीन शब्दांत परत केला.

"मी पाह्यला!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रीना कडेवरून खाली उतरून पंचनाम्यापर्यंत गेली होती. "काकानं गोल मारला. डाव्या पायानं. मंग काका हासला."

"ह्या पोट्टीनं कायचा पाह्यला," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पण अण्णाजी कायद्याचे पक्के. त्यांनी लिहिलं : साक्षीदार एक, वय चार वर्षे नऊ महिने. सही येते काय, या प्रश्नावर साक्षीदारानं "र येतो" असं सांगून तो काढून दाखवला, उलटा. "साक्ष ठीक हाये," अण्णाजी म्हणाले, "पण साक्षीदार अज्ञान हाये, लहान हाये. पालकाचा दुजोरा लागते. आई कोण हाये इची?"

वाचकांचा दुजोरा चालला असता का, असा प्रश्न इथे कोणाच्या मनात येईल. चालला नसता. वाचकांना शालीचा रंग विचारला असता तर त्यांनी चटकन पिस्ता सांगितला असता, आणि गोल कुठे झाला म्हटल्यावर मागचा कंस शोधत बसले असते.

काजल पुढे आली. तिच्यासमोर आता एका बाजूला रीना होती, चेहऱ्यावर लाडू मिळण्याआधीचा विश्वास. तिच्याशेजारी ऋतिक, जमिनीकडे बघत, बुटाच्या टोकानं चुन्याची रेघ पुसत. आणि दुसऱ्या बाजूला सासरे, ज्यांनी लग्नानंतरच्या सहा वर्षांत तिला एकदाही उणा शब्द काढलेला नव्हता आणि स्वतःसाठी एकदाही काही मागितलेलं नव्हतं. आज मागितलं.

"काजल," ते म्हणाले, "तू तं इकडंच पाहून राह्यली होती न बेटा?"

लेकीच्या शिक्षणाची पायाभरणी झाल्याला तेहतीस दिवस झाले होते.

"हो बाबा," काजल म्हणाली. "शाल लय शोभून दिसत होती."

वासुदेवराव हसले. अण्णाजींनी 'दुजोरा नाही' असं लिहून खाली रेघ मारली. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. चषक सहा महिने आर्वीला, सहा महिने पिपरीला आणि झाकण कायमचं मंडळाकडे, असा तोडगा निघाला आणि तो काढल्याबद्दल अण्णाजींचा सत्कार झाला. पुढच्या वर्षापासून चेंडूला घुंगरू बांधावेत, अशी शिफारस करण्यात आली आहे.

घरी जाताना वासुदेवराव पुढे होते, शालीतच. वाटेत भेटेल त्याला ते थांबवत आणि शकुबाई शालीचा काठ नीट करत. त्यांच्या मागे ऋतिक नारळ घेऊन चालला होता. एकदा तो मागे सरकून म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. बाबा पाहा न कसे चालून राह्यले." खरंच वासुदेवराव आज जरा सरळ चालत होते.

सगळ्यात मागे काजल, कडेवर रीना, खांद्याला पिशवी. पिशवीतला कांदा आणि दोन्ही फ्रॉक जसेच्या तसे परत चालले होते. मैदानापासून चौकापर्यंत अकरा मिनिटं कडेवर पूर्ण शांतता होती (शांततेविषयी वर सांगितलंच आहे). काजलनं मनात तीन उत्तरं तयार ठेवली : आबांना किती आनंद झाला, काका पुढच्या वर्षी पुन्हा मारेल, आणि घरी लाडू आहे.

रीनानं दोन्ही तळव्यांत आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, तू शाल पाहून राह्यली होती न?"

"हो वं बाई."

"मंग माह्या कानात 'गोल' म्हणून कोण ओरडलं?"