खवल्याचा नमस्कार

एका जंगलात म्हातारा वाघ वारल्याला सातवे वर्ष लागले होते. महिना वैशाख, वद्य नवमी. नदी आटून बारा दिवस झाले होते. नीट बसा मुलांनो, आणि मध्ये पाणी मागू नका. गोष्ट पाण्याचीच आहे.

त्या जंगलात शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याला दगडोबा म्हणत. रीत अशी, की कुणी कुणावर उपकार केला तर फेड दगडोबाला करायची. सशाने कोल्ह्याच्या पायातला काटा काढला, तर कोल्ह्याने फळ आणून दगडापुढे ठेवायचे. सशाला काही नाही. कारण दया दगडोबाची, ससा नुसता हात लावणारा. फळे दगडोबा खात नसे. ती पुजारी घोरपडबुवा खात.

येसू नावाची एक भेकरी होती. भेकर म्हणजे लहानसे हरीण. रोज दगडोबापुढे डोके टेकल्यावाचून ती गवताला तोंड लावत नसे. तिचे पाडस तहानेने मलूल पडले होते.

खवल्या मांजराने ते पाहिले. त्याने नदीच्या वाळूत झिरा खणायला घेतला. चार दिवस खणला. नखे मुळापर्यंत झिजली तेव्हा पाणी लागले. मग बाजूला सरून तो येसूला म्हणाला, पोराला आण.

खवल्या दगडोबाला मानत नसे. हे तो कुणी विचारले तरच सांगे.

पाडस पीत होते, पण येसूच्या जिवाला स्वस्थता नव्हती. ती म्हणाली, "खवलूभाऊ, एवढं म्हण, की दगडोबानं सांगितलं म्हणून खणलं."

"मला नाही सांगितलं."

"मग दया आली कुठून?"

"ठाऊक नाही. नखं कुठून आली तेही ठाऊक नाही. होती, म्हणून खणलं."

ही गोष्ट बुवांच्या कानी गेली. त्यांनी सभा भरवली. देव न मानणाऱ्याच्या पोटात दया असेल का, असा प्रश्न होता. सगळ्यांनी खूप विचार केला आणि नसणार असे ठरवले. मग पाणी कसे आले, ते कुणाला सांगता येईना. तेव्हा यात खवल्याचा काही डाव असावा, असे ठरले. निकाल लागेपर्यंत पाण्याला कुणी तोंड लावायचे नाही. डाव शोधायला दोन तरस झिऱ्यावर बसवले. दिवसभर त्यांनी पाणी पिऊन पिऊन तपासले. संध्याकाळी ताजेतवाने होऊन आले आणि म्हणाले, डाव फार खोल आहे.

बुवांनी निकाल दिला. उद्या सकाळी खवल्याने दगडोबाला नमस्कार करावा. न केल्यास झिरा बुजवावा. बुवा घोरपडच, एकदा धरले की सोडत नसत.

येसू उठून म्हणाली, पाडस अजून उभे राहत नाही.

बुवा मायेने म्हणाले, "येसूबाई, तहान काय, एका जन्माची असते."

येसू खवल्याकडे गेली. उद्या खोटा का होईना, नमस्कार कर, म्हणून विनवू लागली. खोटे कशाला, खवल्या म्हणाला, त्यांनी बुजवला तर पुन्हा खणीन. येसूने त्याच्या पंजांकडे पाहिले. खणायला काही उरले नव्हते.

सकाळी सारे जंगल जमले. खवल्याने एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. तरसाने त्याला मागून ढोसले. खवल्या दचकला आणि त्याच्या जातीचे प्राणी भ्याल्यावर करतात तेच त्याने केले. डोके पोटात, शेपूट डोक्यावर, गच्च गोळा.

सगळ्यांनी बुवांकडे पाहिले.

मग बुवा सावकाश म्हणाले, "पाहा. इतका वाकून केलेला नमस्कार माझ्या हयातीत पाहिला नाही."

एका म्हाताऱ्या सशाने डोळे पुसले. पाणी शुद्ध ठरले. पहिला घोट बुवांनी घेतला.

खवल्याचे खवले थरथरत होते. ते एकट्या येसूला दिसले. ती बोलणार होती. इतक्यात तिचे पाडस लटपटत उठले आणि झिऱ्याकडे निघाले. तिने तोंड मिटले.

गर्दी पांगल्यावर खवल्या उलगडला. "काय ठरलं?"

"तू भक्त झालास."

"बरं. भूक लागलीय."

खवल्या वाळवीवर जगतो. वैशाखात वारुळे दगडासारखी होतात, आणि त्याला नखे नव्हती. मऊ वारूळ जंगलात एकच होते, दगडोबाच्या पाठीशी. त्यावर हळदकुंकू वाहिलेले असे. त्याला कुणी पाय लावत नसे.

रीतीप्रमाणे येसूने एक उंबर आणले होते. ते तिने दगडोबापुढे ठेवले. नेहमीसारखे डोके टेकले. मग ती दगडाच्या मागे गेली आणि पुढच्या दोन्ही खुरांनी वारूळ फोडले. खवल्याचे पोट भरेपर्यंत ती तिथे राखण करत उभी राहिली.

तात्पर्य : देव मानत नसाल तर दया करू नका, लोकांना फार त्रास होतो. राहवलेच नाही, तर निदान चारचौघांत घाबरा.