केळकरअण्णांचे चौदा दिवस

"काय अण्णा, बरं आहे ना?" असं विचारलं की केळकरअण्णा चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणायचे, "आत्ताच कसं सांगू? चौदा दिवसांनी विचार." कुणाला नवा जावई कसा वाटला? चौदा दिवस. नव्या चपला चावतात का? चौदा दिवस. साध्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर माणसाचं काय जातं, सांगा!

तेव्हा पिंपरीत माळरानच जास्त, कारखाने बोटांवर मोजण्याइतके. आमच्या केमिकल कंपनीत मी गोदामात होतो, अण्णा प्रयोगशाळेत. नवं रसायन आलं की ते पांढऱ्या उंदरांना वजनाप्रमाणे द्यायचं, काहींच्या कातडीला लावायचं, चौदा दिवस पाहायचं आणि मग पिंपांवर साधी चिठ्ठी लावायची की कवटीची लाल, ते अण्णा ठरवायचे.

एकदा पाण्यासारखा दिसणारा माल आला. चौथ्या दिवशीही उंदीर मजेत उड्या मारत होते. साहेब म्हणाले, "केळकर, लावा साधी चिठ्ठी. माल उत्पादन खात्यात जाऊ द्या." अण्णा डबा घेऊन आले, पिंपावर चढून बसले आणि तिथंच जेवायला लागले. साहेब ओरडले, तर अण्णांनी त्यांच्यापुढे लोणच्याची फोड धरली.

मी हसत म्हणालो, "अहो अण्णा, सकाळीच पिंप उघडताना माझ्या हातावर सांडलं. चिंधीनं पुसलं. काही झालं नाही बघा!"

डबा तसाच टाकून अण्णांनी मला नळाखाली ओढलं आणि साबणानं घासायला सुरुवात केली.

"अहो, कातडी सोलाल!"

"सोलेन! गप उभा राहा, नामदेवा."

त्या दिवसापासून सकाळी गोदामाच्या काट्यावर माझं वजन आणि संध्याकाळी सायकलवरून अण्णा थेट चिंचवडला, माझ्या घरी. "किती भाकऱ्या खाल्ल्यास? डोळे दाखव. लघवी पिवळी होते का?" तेही बायकोसमोर! आमची पारू कुजबुजली, "अवो, ह्यो रेशनचा मानूस हाय का? भाकऱ्या कशापायी मोजतोय?" आणि तिनं भाकऱ्यांची दुरडी लपवली.

माझ्या चौथ्या दिवशी उंदीर पटापट मेले. साहेबांनी स्वतःच्या हातानं लाल चिठ्ठ्या लावल्या. माझी मात्र पाचावर धारण बसली. अण्णा रोज येत राहिले, एका जुन्या वहीत लिहीत राहिले.

चौदाव्या दिवशी त्यांनी वही मिटली. "नामदेवा, बरं आहे," म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

पारूनं त्यांना जेवायला बसवलं. ते हात धुवायला गेले तेव्हा मी ती जुनी वही उघडली. माझ्या आधीच्या पानावर नाव होतं वसंता. तिसरा दिवस : बरं आहे. नववा दिवस : कोरा. पुढचं सगळं पान कोरं.

"अण्णा, वसंता कोण?"

ते ताटापाशी बसले. "धाकटा भाऊ. आधीच्या कारखान्यात माझ्याच हाताखाली होता. त्याच्याही अंगावर असंच सांडलं होतं. तिसऱ्या दिवशी बरं आहे म्हणून मीच कामावर पाठवला त्याला. नवव्या दिवशी गेला."

ज्या हातानं आज हे लिहितोय, तो त्यांनीच घासून राखलेला.

पारूनं लपवलेली दुरडी बाहेर आणली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मग आणखी एक, मग आणखी एक. अण्णा मान खाली घालून जेवत राहिले. त्या दिवशी भाकऱ्या कुणीच मोजल्या नाहीत.