बातम्या जरा सावकाश

टीव्हीच्या स्टुडिओतली कामं अवघड असतात, हा तिथल्या लोकांनीच उठवलेला गैरसमज आहे, असं माझं ठाम मत होतं. ते ऐकवायला घरात माणूसही योग्य होतं. माझी बायको एका वृत्तवाहिनीत दुपारच्या बातम्यांची निर्माती आहे. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका पकडणारा. "तुमच्याकडे असतं काय," मी जेवताना म्हणायचो. "कुणी दिवा लावायचा, कुणी बटण दाबायचं आणि एका बाईने वाचायचं. मला कुठेही उभं कर, सगळं करून दाखवतो."

एकदा मी रजेवर असताना तिचा फोन आला.

"अहो, कालच्या निरोपसमारंभाचं जेवण बाधलंय. अर्धा स्टुडिओ आजारी आहे. लगेच या."

"कळलं ना शेवटी माझं महत्त्व?"

"हात हवेत. कुणाचेही चालतील."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

आधी मला दिव्यांवर ठेवलं. एका फळीवर ओळीने खटके होते. वायरमन माझ्या समोर उभा राहून म्हणाला, "मी खूण केली की डावीकडचा शेवटचा दाबा. बाकी कशाला हात लावू नका." डावीकडचा म्हणजे माझ्या की त्याच्या, हे त्याने सांगितलं नाही. त्याने खूण केली, मी दाबला, वर कुठेतरी 'फट्' झालं आणि करपल्याचा वास आला. अर्धे दिवे गेले ते गेलेच. उरलेल्या उजेडात स्टुडिओ बंद व्हायला आलेल्या दवाखान्यासारखा दिसू लागला. वायरमनने माझ्या आणि फळीच्या मध्ये एक खुर्ची ठेवली.

मग मला निवेदिकेच्या कॉलरला माइक लावायला पाठवलं. तिने झकास नारिंगी कोट घातला होता. माइक लावताना दुसऱ्या हातात चहा नसावा, ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती. बातम्या सुरू व्हायला वेळ उरला नव्हता. बायकोने दात आवळून स्वतःची पांढरी शाल काढली आणि निवेदिकेला गळ्यापर्यंत गुंडाळली.

"आता घरी जा," ती मला म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी आठवण करून दिली, की प्रॉम्प्टरवालाही अंथरुणात आहे.

प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्यापुढची एक काच. तिच्यावर मोठ्या अक्षरात एकेक ओळ येते आणि निवेदिका ती वाचते. ओळी सरकवायचं चाक आत नियंत्रण कक्षात असतं.

"हे फिरवत राहायचं," बायको म्हणाली. "यात तरी काही बिघडू नये."

बातम्या हवामानापासून सुरू झाल्या, कारण दुसरं काही घडलं नव्हतं. मी पहिली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मजकूर दोनदा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. पडद्यावर अंधुक उजेडात, पांढऱ्या शालीतली निवेदिका ओळीची वाट पाहत बोलत होती.

"उद्या आकाश..." ती थांबली. "अंधारून येईल." पुन्हा थांबली. "वारा... पूर्णपणे... थांबेल."

"अहो, भरभर फिरवा," बायको कुजबुजली.

"या ओळीत अनुस्वार राहिलाय."

ती पुढे काही बोलणार, तोच फोन वाजायला लागले. प्रत्येकाचा प्रश्न एकच: कोण गेलं?

समोरच्या भिंतीवर इतर वाहिन्यांचे पडदे होते. आपण त्यांच्यावर नजर ठेवतो तशी त्याही आपल्यावर ठेवतात. एका वाहिनीवरचा खिदळणारा निवेदक कानातल्या यंत्रातून काहीतरी ऐकून एकदम गंभीर झाला. दुसरीने जाहिराती थांबवून बासरी लावली. तिसरीला सगळ्यांच्या पुढे राहायचं होतं, म्हणून तिने नावच टाकलं. आबा नावाचे एक वयोवृद्ध नेते बरेच दिवस सभेत दिसले नव्हते. तेवढा पुरावा पुरला.

मग वाहिनीच्या मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हे तुमच्यापासून सुरू झालंय. लगेच निस्तरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका." बायकोचा चेहरा शालीसारखा पांढरा पडला.

तिने आबांच्या घरी फोन लावला. त्यांच्या सचिवाने उचलला.

"आबा कसे आहेत?"

"उत्तम. टीव्ही बघताहेत."

"मग तसं जाहीर करा ना."

"विरोधी पक्षनेत्याचं बोलणं संपू दे, म्हणाले. तो यांच्याबद्दल इतकं चांगलं कधीच बोलला नव्हता."

खरंच, मागच्या आठवड्यात भर सभेत आबांना लबाड म्हणणारा तो गृहस्थ पडद्यावर डोळे पुसत होता. "आमचं छत्र हरपलं," तो म्हणत होता.

तेवढ्यात आबाच फोनवर आले. "काय हो बाई, सगळे माझे गोडवे गाताहेत आणि तुमच्याकडे नुसतं हवामान?"

"आबा, तुम्ही सुखरूप आहात, ही बातमी सगळ्यात आधी आम्हीच देतो," बायको म्हणाली.

"द्या. पण मानाने द्या."

तिने घाईघाईत स्वतःच बातमी टंकली. मी चाक फिरवलं.

"ज्येष्ठ नेते आबा," निवेदिका वाचू लागली, "आज दुपारी आपल्या राहत्या घरी..."

पुढची ओळ माझ्या पडद्यावर आधी दिसायची. तिथे लिहिलं होतं 'सूखरुप'. सू दीर्घ, रु ऱ्हस्व. एका शब्दात दोन चुका. माझा हात जागीच थिजला.

निवेदिका काचेकडे पाहत राहिली. पापणी न हलवता. इतका वेळ, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एक थेंब गालावरून ओघळला.

बायकोने मला खुर्चीसकट ढकलून चाक स्वतः फिरवलं. "सुखरूप आहेत," निवेदिकेने वाचलं. पण भिंतीवरच्या सगळ्या पडद्यांवर तोवर 'बातमीला दुजोरा' अशी पट्टी झळकली होती.

फोन पुन्हा वाजला. बायको डोकं धरून बसली होती, म्हणून मी उचलला.

"मी आबा," पलीकडून घोगरा आवाज आला. "तुमची बातमी ऐकून घरातले सगळे रडताहेत. मलाही राहवलं नाही. पण जरा नीट चौकशी करून सांगा, मी आहे ना?"

"चौकशी करून कळवतो," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला.