एवोदियोचे साल्साशास्त्र

बायकोच्या मनात काय चालले आहे हे तिला विचारून कळत नाही, तिच्या साल्सावरून, म्हणजे खलात वाटलेल्या मिरचीच्या चटणीवरून कळते, असे एवोदियोचे ठाम मत होते. आणि या विषयात मेक्सिकोतल्या नायारीतच्या साऱ्या किनाऱ्यावर आपला हात धरणारा कोणी नाही, असेही!

रागावलेल्या हाताने वाटलेला साल्सा तिखट उतरतो, हे खाडीकाठच्या त्या गावात शेंबडे पोरही जाणत होते. पण लोकांची ती नुसती समजूत होती, एवोदियोचा तो अभ्यास होता. एकोणीस वर्षांच्या संसारात निकानोराच्या रागाच्या साऱ्या पायऱ्या त्याने जिभेवर मोजून ठेवल्या होत्या. जिभेचा शेंडा चुरचुरला, तर चिखलाचे बूट घरात आले आहेत. कान तापले, तर तिच्या भावाविषयी आपण काहीतरी बोललो आहोत. डोळ्यांतून धारा लागल्या, तर लग्नाचा वाढदिवस काल होऊन गेला आहे. "मला बायकोशी भांडावंच लागत नाही," धक्क्यावर बोटींची इंजिने दुरुस्त करता करता तो सांगे, "मी नुसता चाखतो!"

त्या शुक्रवारी मात्र त्याला चाखण्याचीच भीती वाटत होती. आणि त्या भीतीचे कारण होते एक बत्ता.

निकानोराकडे काळ्या, सच्छिद्र दगडाचा तीन पायांचा खल होता आणि त्याला शोभणारा बत्ता. लग्नात आईने तो तिच्या हाती दिला, तेव्हा सांगितले होते, की चार पिढ्यांच्या बायकांच्या तळव्यांनी हा झिजला आहे. निकानोरा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बत्ता दाखवी, आणि दाखवताना तिचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू होई. दोनच दिवसांपूर्वी इंजिनाची अडकलेली खीळ ठोकायला एवोदियोने तोच बत्ता गुपचूप बोटीवर नेला. खीळ निघाली. मग गळाला वजन हवे झाले. बत्ता हाताशीच होता. खालून एका तांबोशीने असा हिसका दिला, की दोरी तुटली आणि चार पिढ्यांची झीज महासागराच्या तळाशी गेली. पाण्यावर एक वर्तुळ उमटले, रुंदावले, विरले. आणि जणू त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते, असे पाणी पुन्हा गप्प झाले.

एवोदियोने दुसऱ्याच दिवशी तेपिकच्या बाजारातून नवा बत्ता आणला. पण नव्या दगडावर नवेपण कसे उघडे पडते! त्या सकाळी निकानोरा बाजारात गेली, तेव्हा त्याने रानातल्या मिरीएवढ्या लाल मिरच्या दोन मुठी भरून खलात घातल्या आणि बत्त्याला जुनाट, तांबूस कळा चढेपर्यंत कुटल्या. तेवढ्यात फाटक वाजले. त्याने दोन्हींवर घाईघाईने तांब्याभर पाणी ओतले आणि अंगणात जाऊन निखारे फुंकत बसला.

दुपारी जेवायला सासूबाई यायच्या होत्या. ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस, त्यातून शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. तेव्हा निखाऱ्यांवर भाजलेली तांबोशी आणि हंगामातल्या पहिल्या आंब्यांचा साल्सा असा बेत होता. आजचे एक जेवण निभावले, की बत्ता पचला! पण ज्या बाईने तो वर्षानुवर्षे हाताळला, तिची नजर फसेल?

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो टक लावून पाहत राहिला. निकानोराने खलात लसूण घातली, मीठ घातले, बत्ता उचलला आणि ती थांबली.

"एवोदियो, हा आज हलका का लागतोय रे?"

"उपासाने!" तो बाहेरून ओरडला. मग त्याच्या लक्षात आले, की उपासाने वस्तू जड लागायला हवी.

ती गुणगुणू लागली. परवा समुद्र कसा होता, असेही तिने सहज विचारले. सहज! एकोणीस वर्षांत तिने समुद्राची चौकशी कधी केली होती? आंब्याच्या फोडी, कांदा, कोथिंबीर आणि लिंबाचा रस खलात पडला, आणि तिने तो पिवळाधमक साल्सा भाजलेल्या तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीच्या, तुकड्यावर घालून त्याच्यापुढे धरला.

"चाखून सांग. मला तर चाखता येत नाही." ईस्टरपर्यंत मिरचीला जीभ लावायची नाही, असा तिचा नवस होता.

एवोदियोने तुकडा तोंडात टाकला. प्रथम आंबा आला, बालपणीच्या एखाद्या दुपारसारखा. आणि त्याच्या पाठोपाठ वणवा आला! कान तापले, डोळे भरले, टाळू आपल्या जागी राहिली नाही. सारे अस्तित्व एका बिंदूत गोळा होऊन हुळहुळू लागले. त्याच्या शास्त्रात या पायरीला नावच नव्हते. दातांखाली नव्या दगडाची बारीकशी कचकचही झाली.

"कसा झालाय?"

"छ... छान." मग धीर करून त्याने विचारले, "निको, काही झालंय का?"

"काही नाही."

हाय! हे दोन शब्द तर मिरचीहूनही वाईट.

इतक्यात तिबुर्सियो तांबोशी घेऊन आला. ज्याच्या बोटीवर तो प्रसंग घडला, तो हाच कोळी. एवोदियोच्या मुलीचा तो धर्मपिता. म्हणून दोघे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. त्याने मासा पाठीतून उघडून जाळीवर पसरला, सवयीप्रमाणे न विचारता साल्साचा मोठा घास घेतला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"कोम्पाद्रे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिला कळलंय!"

"कळेल कसं? तू कोणाला सांगितलंस?"

"मी? मी मेलो तरी बोलणार नाही! फक्त बायकोला सांगितलं."

"बायकोला!"

"पण तिला बजावून सांगितलं, की बहिणीपलीकडे जाऊ देऊ नकोस म्हणून."

"मग पाद्रींना का सोडलंस? रविवारी प्रवचनातच सांगून टाकायचं!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? बत्त्याला दोरी बांधताना हात कोणाचे होते?"

आतून निकानोराचा आवाज आला. "तिबुर्सियो, जेवायलाच थांब! आज सगळ्यांचा समाचार घेते मी!"

ती पाहुण्यांच्या पोटाविषयी बोलत होती. पण तिबुर्सियोला ते आपल्या पाठीविषयी वाटले. "वहिनी, भरती आलीय!" असे सांगून तो निघाला आणि ओहोटीच्या चिखलातून गुडघे बुडवत दिसेनासा झाला.

दुपारी सासूबाई आल्या. डोन्या क्लेओफास ही लहान चणीची बाई होती, पण ती ज्या खुर्चीवर बसे, ती खुर्ची न्यायाधीशाची वाटे. त्यांनी घर पाहिले, मासा पाहिला, खल पाहिला आणि बत्त्यावर नजर जराशी रेंगाळू दिली. एवोदियोच्या छातीत दोरी पुन्हा तुटली.

"काय जावईबापू, वाळलात की हो! लेक जेवायला घालत नाही वाटतं?"

"घालते ना! फार घालते."

सासूबाईंनी माशाच्या पांढऱ्या मांसावर साल्सा घातला आणि घास घेतला. त्यांचे डोळे हळूहळू भरून आले. एवोदियोने मनोमन आपले कपडे बांधले, मुलीचा निरोप घेतला, गाव सोडले.

"पोरी," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "एवढा राग मनात ठेवून वाटलंस? त्यापेक्षा तोंडावर बोलायचं होतंस!"

"कसला राग, आई?"

"नाटकं नकोत! कोणी सांगितलं तुला बत्त्याचं?"

एवोदियोच्या हातातला काटा खाली पडला. म्हणजे सासूबाईंनाही ठाऊक! सारा किनारा जाणून होता तर! त्याला राहवले नाही. "माझंच चुकलं!" तो ओरडला. "मी गळाला बांधला! तो समुद्रात गेला! हा तेपिकच्या बाजारातला आहे!"

"बाजारातला?" सासूबाई रडायच्या थांबल्या. "छे! बाजारातला तर तो होता!"

"कोणता?"

"तुम्ही बुडवलात तो! आजीचा बत्ता हिच्या बापाने कधीच नारळ फोडताना दुभंगला. हिच्या लग्नाआधी महिनाभर मी तेपिकला जाऊन नवा आणला. दगडाच्या ओळीत, कोपऱ्यावर एक माणूस बसतो..."

"एका कानाचा?"

"तोच!"

"मला म्हणाला, चार पिढ्यांचा दिसेल असा देतो."

"मलाही तेच म्हणाला होता मेला!"

क्षणभर सासू-जावयांत इतका जिव्हाळा दाटून आला, की दोघांनाही समोर कोण बसले आहे याचा विसर पडला. मग ते भानावर आले.

निकानोरा निश्चल बसली होती. एवढी वर्षे ज्या दगडापुढे तिने आवाज हळू केला, तो दगड बाजारात आणखीही मिळत होता. एवोदियोला तिच्याकडे पाहवेना. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरे, असे त्याला वाटले.

"मला यातलं काही ठाऊक नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आणि मी मिरची घातली होती एकच. तीही बिया काढून, आईच्या पोटासाठी. मग एवढा तिखट झाला कसा?"

एवोदियोला दोन मुठी रानमिरच्या आठवल्या, खलाची ती असंख्य छिद्रे आठवली आणि तांब्याभर पाणी आठवले. त्याने तेही सांगून टाकले. आता लपवण्यासारखे त्याच्यापाशी काही उरलेच नव्हते.

निकानोरा उठली. तिने खल तीनदा घासला. उरलेले दोन आंबे घेतले, दोन हिरव्या मिरच्या घेतल्या आणि ती वाटू लागली. घाव असे पडत होते, की अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. तिच्या कपाळाची शीर उडत होती. सासूबाईंनी छातीवर क्रूस रेखला. "तुम्ही आधी, जावईबापू," त्या कुजबुजल्या. "माझं वय झालंय."

वाडगा समोर आला.

"खा," निकानोरा म्हणाली.

एवोदियोने डोळे मिटले आणि घास घेतला. तो वाट पाहत राहिला. जिभेचा शेंडा शांत होता. कान थंड होते. दोन मिरच्या पडूनही तिखटाचा लवलेश नव्हता. होता तो केवळ आंबा, मधासारखा गोड.

"छान झालाय ना?" तिने हसून विचारले. कपाळाची शीर अजून उडतच होती.

त्याने मान डोलावली. आणि मग एकोणीस वर्षांतले सारे गोड साल्सा त्याला एकामागून एक आठवू लागले. ते फार होते.