‘कुठं शोधलंस?’ विचारणाऱ्या साळवेसिस्टर

साळवेसिस्टरना काहीही विचारलं की त्या उलट विचारायच्या, "कुठं शोधलंस?" थर्मामीटर सापडत नाही म्हटलं तरी तेच आणि मेसच्या आमटीत मीठ नाही म्हटलं तरी तेच. एका नव्या मुलीनं घाबरत विचारलं, "सिस्टर, तुम्ही रागावलात का?"

"कुठं शोधलंस?"

ती बिचारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कर्जतहून नगरला नर्सिंग शिकायला आले, तेव्हा त्या आमच्या ट्यूटर होत्या. उंच, किडकिडीत, एकट्या राहणाऱ्या. जीव सगळा लायब्ररीतल्या दोन कपाटांत. एकात इंग्रजी वैद्यकीय मासिकं, दुसऱ्यात त्या लेखांच्या सूचीचे उशीएवढे जाड खंड. खंडात लेख नसायचा, फक्त त्याचा पत्ता : कुठलं मासिक, कुठलं पान. हात साबणानं धुऊन, पुसून, उलटसुलट दाखवल्याशिवाय खंडाला की मासिकाला शिवायची परवानगी नव्हती. ऑपरेशनला निघाल्यासारख्या आम्ही रांगेत उभ्या असायचो.

"नाही मिळालं" हे वाक्य त्यांना खपत नसे. "म्हणजे शब्द चुकला. दुसरा घे." एकदा शेवगावच्या एसटीत त्यांनी शेजारच्या आजींना विचारलं, तुमच्याकडे खोकल्याला काय काय म्हणतात? आजी ढास, ठसका, डांग्या असं रंगून सांगत गेल्या आणि सिस्टरचं उतरायचं गाव मागं राहिलं.

त्याच वर्षी जामखेडकडची एक ऊसतोडीवरची बाई तान्हं बाळ घेऊन आमच्या वॉर्डात आली. बाळाचा तोंडातला टाळू जन्मतःच फाटलेला. पाजलं की दूध नाकातून बाहेर. नळीनं दूध चालू होतं, पण नळी लावून त्याला घरी कसं धाडणार? वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी सिस्टरना विचारलं, "याला पाजायचं कसं?"

"मलाही नीट ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. मला धक्काच बसला. "चल, शोधू."

सूचीत ‘क्लेफ्ट पॅलेट’, म्हणजे फाटलेला टाळू, या शब्दाखाली लेख गाडीभर होते, पण सगळे ऑपरेशनचे. "मिळालं, पण उपयोगाचं नाही," मी कुरकुरले.

"मग इथं एक बोट ठेव. दुसरं बोट तान्ह्या मुलांच्या आहाराच्या मथळ्यावर. दोन्हीकडे येणारा लेख कुठला?"

मी एकेक खंड पालथा घातला. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा एक नाव दोन्हीकडे दिसलं. पुढं लिहिलेलं मासिक आमच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात होतं. मी ते घेऊन इतकी जोरात पळाले की हात धुवायचे राहिले. सिस्टरनी हातांकडे न बघता पान उघडलं.

बाळाला आडवं नाही, उभं धरायचं. काढलेलं दूध चमच्यानं गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडायचं, मधूनमधून ढेकर काढायची. पहिल्या दिवशी निम्मं सांडलं. हळूहळू आईचा हात बसला, नळी निघाली आणि वजनाचा काटा हलला.

एकदा दुपारी आई पाजत होती. साळवेसिस्टर कॉटजवळ नुसत्याच उभ्या होत्या.

"लई बघताय बाई," आई हसली. "तुमाला लेकरं किती?"

"नाहीत." मग बाळाकडे बघत म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच होता. पोटात असताना ग्रहण लागलं म्हणायचे सगळे. आई आडवं घेऊनच पाजायची. कुणी सांगितलंच नाही तिला."

"मंग?"

"राहिला नाही."

आईनं पदरानं बाळाचं तोंड पुसलं. तिनं बाळ उचललं आणि सिस्टरच्या हातात दिलं. "आज तुमी पाजा."

सिस्टर स्टुलावर बसल्या. आम्हाला रोज शिकवणाऱ्या त्या बाईंनी पहिलाच चमचा घाईघाईनं सांडला.

"सावकाश," आई म्हणाली, "कसली घाई न्हाई."

बाळानं घोट गिळला. मग आणखी एक. बाहेर आमच्या तासाची घंटा झाली, पण सिस्टर उठल्या नाहीत. त्या दिवशी आमचा वर्ग झालाच नाही.