अप्पा भाकरी थापतात

आमचे घरमालक शिवलिंगअप्पा स्वतः भाकरी थापत. एखाद्या दिवशी हौस म्हणून नव्हे. रोज, दोन्ही वेळच्या, अख्ख्या घराच्या. बायको हयात, घरात सून, बाजारात कापडाचं बरं चालणारं दुकान, आणि हा साठी उलटलेला माणूस धोतराचा सोगा खोचून चुलीपुढे बसलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि कोपरापर्यंत पीठ. आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की त्याला आधी गंजगोलाईच्या बाजाराचा रस्ता सांगत आणि मग अप्पांची गोष्ट.

लातूरचा नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांना माणसं कमी पडायला लागली, आणि त्या भरतीत मला कारकुनाची नोकरी लागली. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. घरमालक आधी आडनाव विचारीत आणि मग खोली कालच गेल्याचं सांगत. मी नायगावकडचा बौद्ध. खोली कालच गेली, हे उत्तर मला पाठ झालं होतं, इतकं की काही ठिकाणी मी त्यांच्याआधीच ते म्हणून टाकी. अप्पांनी आडनाव विचारलंच नाही.

"नायगावचे? तिकडं ज्वारी कोनती पेरतेत?"

"हायब्रीड," मी म्हणालो.

"आरारा," अप्पा म्हणाले, आणि घरातलं कुणी गेल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून दिली. हायब्रीडवर वाढलेल्या पोराला वाऱ्यावर सोडणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

माझी खोली त्यांच्या स्वयंपाकघराच्या समोरच, मध्ये हातभर अंगण. त्यामुळे अप्पांचा सगळा कारभार मला बसल्या जागेवरून दिसे, आणि अधूनमधून तव्यावरची गरम भाकरीही मिळे. "चव सांगा, कायदेशीर हाय का," असं विचारून ते उंबऱ्यात उभे राहत. जे जे चांगलं ते सगळं अप्पांच्या लेखी कायदेशीर. पाऊस कायदेशीर, जावई कायदेशीर, ताकसुद्धा कायदेशीर. नव्या जिल्ह्याबद्दल मात्र त्यांचं मत बरं नव्हतं. "तुमचं हापीस अजून मळलंच न्हाई, अन् थापायला निघालेत," असं ते मला सकाळीच ऐकवीत, आणि दिवसभर कचेरीत टेबल शोधत हिंडताना मला ते पटे.

त्यांची खरी तऱ्हा बघायची तर गिरणीत. ज्वारीच्या पिठात गव्हाचा कणही येता कामा नये, म्हणून डबा घेऊन स्वतः जात. त्यांच्याआधी कुणाचा गहू दळून झालेला असला, तर ज्वारी घेऊन आलेली एखादी बाई हेरीत. "ताई, तुम्ही व्हा पुढं, तुमाला घाई असंल," असं अदबीनं म्हणत. ती बाई भल्या माणसाला दुवा देत पुढे होई आणि गिरणीत अडकलेला सगळा गहू आपल्या पिठातून घरी घेऊन जाई. मग अप्पा शांतपणे आपला डबा पुढे करीत. गल्लीतल्या निम्म्या बायका अप्पांना देवमाणूस समजत. ते या एका गोष्टीमुळे.

लग्नकार्यातही अप्पा आपली भाकरी दस्तीत, म्हणजे हातरुमालात, बांधून नेत. पंगतीत बुंदी, भात, सगळं घेत आणि मध्येच दस्तीची गाठ सोडत. यजमान ओशाळा होई, यांना काही नाही. "मला दुसऱ्याच्या हातची चालत न्हाई," एवढंच म्हणत.

या सगळ्यात अव्वा, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीशेजारी पाटावर बसलेल्या असत. हात पदराखाली, तोंडानं फारसं बोलणं नाही. अप्पा पीठ मळून झालं की काटवट त्यांच्यापुढे सरकवीत. "बघ गं." अव्वा नुसत्या नजरेनं बघत आणि म्हणत, "आजून." अप्पा पुन्हा मळीत. भाकरी तव्यावर टाकायच्या आधी तळहातावर धरून दाखवीत, अव्वा म्हणत, "टाक." मला वाटे, काय माणूस आहे, बायकोची चूल बळकावली ती बळकावली, वर तिला समोर बसवून वाहवाही पाहिजे.

खरी फजिती होती ती सुनेची. महानंदा उदगीरची, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरची, हाताला सफाई असलेली. भाजी, आमटी, सणाचं पुरण, सगळं तिच्याकडे. भाकरी तेवढी सासऱ्याकडे. गल्लीत व्हायचं ते झालं. सुनेला भाकरी येत नाही म्हणून म्हातारा थापतो, अशी बोलवा उठली आणि ती उदगीरपर्यंत पोचली. महानंदाची आई तावातावानं आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "माझ्या लेकीच्या हाताला काय रोग हाय का, ते एकदा सांगा तरी."

"रोग न्हाई," अप्पा म्हणाले. "मीच येडा हाय."

 बाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. महानंदानं दिवसभर भांडी जरा जोरात घासली. तिचा नवरा मन्मथ दुकानात जास्त वेळ बसायला शिकला.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी लोकांनी आभाळाकडे बघितलं, दुसऱ्या वर्षी टँकरकडे. टँकर कधी येईल याचा नेम नसे, आणि आला की गल्लीतला माणूस न् माणूस घागर घेऊन पळे. त्या दिवशी सुट्टी होती. महानंदा माहेरी, मन्मथ दुकानात. अप्पा नुकतेच पीठ मळायला बसले होते, एवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. अप्पा तसेच पिठाच्या हातानं घागर घेऊन धावले. मीही निघालो, तर माझी कळशी त्यांच्या स्वयंपाकघरात राहिलेली. ती घ्यायला आत गेलो.

अव्वा काटवटीपुढे बसून भाकरी थापीत होत्या. म्हणजे थापू बघत होत्या. उजवा हात नुसता थरथरत होता. गोळा पसरायच्या ऐवजी कडेनं फाटत होता. त्या तो गोळा करीत, पुन्हा मळीत, पुन्हा थापीत, आणि उचलायला गेलं की भाकरीचे दोन तुकडे. मला बघून त्यांनी हात पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला.

"दिसलंच की तुमाला," त्या म्हणाल्या.

"कधीपासून, अव्वा?"

"सून यायच्या आधीपास्नं. भाजी ढवळताना कळत न्हाई कुनाला. थापायला बसलं की हात ऐकत न्हाई."

"मग घरात सांगायचं ना."

"सांगितलं की सून म्हनंल, अव्वा, तुमी बसा निवांत. चांगली हाय पोरगी, चांगल्या मनानंच म्हनंल. पर चुलीपुढून एकदा उठले की मग मी ह्या घरात बसू कुठं?" त्यांनी फाटलेला गोळा पुन्हा एकत्र केला. "हे म्हनले, मी येडा होतो. येड्याला कोन काय इचारत न्हाई. तू नुसती बाजूला बस अन् सांगत जा."

 ही भाकरी, जिची चव मी उंबऱ्यात उभा राहून सांगत होतो, ती अव्वांचीच होती. अप्पांचे नुसते हात होते. त्या हातांपायी हा माणूस गल्लीत हसं करून घेत होता, विहिणीचं ऐकून घेत होता, पंगतीत दस्ती सोडत होता.

अप्पा घागर घेऊन आले. त्यांनी आधी काटवटीतले तुकडे बघितले, मग अव्वांना, मग मला. घागर हळूच खाली ठेवली.

"पीठच खोटं हाय," ते मला म्हणाले. "रेशनची जुनी ज्वारी. विरी न्हाई राहिली तिच्यात."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ती गेली की कुणी कितीही मळलं तरी भाकरी मोडते.

"हाव," मी म्हणालो. "सगळ्या गल्लीत तेच चाललंय."

ते खोटं नव्हतं. गावात मिळत होती ती ज्वारी कुठल्या गोदामात पडून राहिलेली होती देव जाणे, आणि चांगल्या चांगल्या सुगरणी तव्यावर तुकडे भाजत होत्या. पण माझं बोलणं ऐकून अप्पांना काही तरी सुचलं असावं. बराच वेळ ते नुसते पाण्यानं हात धूत राहिले, एरवी त्या दिवसांत ते चुळीपुरत्या पाण्यालाही जपत असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर येऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगायला लागले, "हरलो बाबा. ह्या ज्वारीपुढं आपली अक्कल चालंना. आता घरच्यांनी बघावं." गल्लीला आनंद झाला. इतक्या दिवसांचा बढाईखोर सरळ झाला म्हणून चहाच्या टपरीवर आम्हाला सगळी हकिकत परत परत ऐकावी लागली. गिरणीवाल्यानं तर सुटकेचा नि:श्वास टाकला असेल.

आणि अव्वा चुलीपुढे बसल्या. पाटावर बाजूला नव्हे, मधोमध. महानंदा म्हणाली, "अव्वा, मी थापू का?" तर अप्पा दारातून म्हणाले, "जुन्या हाताला येतंय का बघू आधी." जुन्या हाताला येत नव्हतंच. टोपलीत भाकरी कमी आणि तुकडे जास्त. अव्वांच्या आजारपणात किंवा सणावारी महानंदा बसे तेव्हा तिच्याही मोडत, शेजारणीच्याही मोडत, त्यामुळे कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. अप्पा तुकडे आमटीत टाकून खात आणि म्हणत, "मोडायचे कष्ट वाचले." मी त्या घरात पहिल्यांदा अव्वांना मोठ्यानं बोलताना ऐकलं. त्या मन्मथला उशिरा येण्यावरून झापत होत्या.

सगळा मुलूख पावसाची वाट बघत होता. अप्पाही बघत होते, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, माणसं एकमेकांना पेढे द्यायची तेवढी बाकी राहिली, आणि अप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "मालदांडी ज्वारी लई जोरात येनार म्हनतेत." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मी कचेरीला जायचा थांबून त्यांच्याजवळ बसलो. चांगल्या ज्वारीत अव्वांचा हात लपणार नव्हता.

सुगी झाली. नवी ज्वारी आली, मोत्यासारखी. पहिलं दळण महानंदा घेऊन आली. मला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. नव्या ज्वारीचं जेवण. मी गेलो तर अप्पा धोतराचा सोगा खोचून तयार. पुन्हा वेड लागायची वेळ झाली होती. अव्वा आपण होऊन बाजूच्या पाटावर सरकल्या होत्या आणि त्यांचे हात पदराखाली गेले होते.

महानंदा म्हणाली, "अप्पा, थांबा. आधी मी एक बघते टाकून."

ती बसली. पीठ मळलं, गोळा घेतला, आणि थापायला लागली. हात काय चालत होता तिचा. भाकरी गोल फिरत मोठी होत होती, कडेला एक चीर नाही. आम्ही सगळे बघत होतो. उचलायच्या वेळी तिनं अंगठा भाकरीच्या मध्यावर टेकवला आणि दाबला. मी समोरच होतो, मला स्वच्छ दिसलं. भाकरीचे दोन तुकडे झाले.

ते तुकडे तिनं तव्यावर टाकले, उलटले, भाजले, टोपलीत ठेवले. मग हात झटकून उठली.

"यंदाचंबी पीठ खोटंच निघालं," ती म्हणाली. "अव्वा, तुमीच बसा बघू इथं. मला न्हाई जमत."

 अव्वा तिच्याकडे बघत राहिल्या, मग हळूहळू सरकत चुलीपुढे आल्या आणि पिठात हात घातला. अप्पांनी खोचलेला सोगा सोडला. मग ते भिंतीला टेकून जेवायला बसले.

"महानंदा," ते म्हणाले, "तू टाकलेली वाढ मला."