मोज्यातलं पाचवं पुडकं

शाळेच्या ग्रुपवर ऋतुजा मॅडमचा निरोप आला तेव्हा अंजू भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं मोबाइल उघडला. पहिलीच्या वर्गात नाताळ साजरा होणार होता. ज्या मुलाच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी प्रत्येक घरानं एक मोजा भरून पाठवायचा, आत पाच बारक्या भेटवस्तू. शिवांशला चिठ्ठी आली होती प्रेमची.

अंजूनं निरोप दोनदा वाचला. तोवर तव्यावरची भाकरी काळी झाली.

प्रेम म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या महामायाचा मुलगा. महामाया अहमदपूरच्या दवाखान्यात नर्स, नवरा आनंदराज देगलूरच्या एसटी डेपोत. तो सुट्टीलाच घरी येणार. महामायाची रात्रपाळी असली की प्रेम अंजूकडं जेवायचा, शिवांशच्या पांघरुणात पाय घालून झोपायचा आणि सकाळी दोघं एकाच बादलीत आंघोळ करून शाळेत जायचे. महामाया दारातूनच हाक मारायची, "अंजे, चहा टाक, मी मेले."

मग श्रावणात शिवांशचा वाढदिवस झाला, आणि त्यानंतर काहीतरी झालं. काय झालं ते अंजूला आजतागायत कळलं नव्हतं. बोलणं बंद झालं नव्हतं, पण कोरडं झालं होतं. 'अंजे'ची 'अंजूताई' झाली. प्रेम रात्रपाळीला मावशीकडं जायला लागला. अंजूनं एकदा अडवून विचारलं, तर महामाया म्हणाली, "न्हाई ओ, तुम्हाला कशाला तरास?" त्या 'तुम्हाला'नं अंजूला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून हा मोजा साधासुधा नव्हता. हा मोजा असा भरायचा, की महामायानं पुन्हा दारातून हाक मारली पाहिजे.

बसस्टँडजवळच्या दुकानात फुटबॉलचा लाल मोजा मिळाला, गुडघ्यापर्यंतचा. त्यात घालायला स्केचपेन, शिट्टी, बारकी मोटार, एक संत्रं आणि एक चॉकलेट. अंजू चकचकीत कागद, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बैठकीत बसली.

"हे काय करून राहिलीस?" सासूबाई लक्ष्मम्मांनी विचारलं.

"एकेक गुंडाळून घालते."

"मोजा म्हंजे गुंडाळलेलंच की गं! आत काय हाय ते दिसतंय का? मग कागदाला परत कागद कशाला?"

"अत्या, कागद फाडायलाच लेकरांना मजा येती."

"कागद फाडायचाच हाय तर रद्दी दे की त्याला."

लक्ष्मम्मांचं माहेर भालकीकडचं. त्यांना एखादी गोष्ट पटली नाही की आधी मराठीत सांगायच्या, आणि तरी ऐकलं नाही तर कानडीत "बेडा, बेडा", म्हणजे 'नको, नको', म्हणत मान हलवायच्या. आता त्या मान हलवत होत्या. अंजूनं नवऱ्याकडं पाहिलं. मल्लिनाथचं बी-बियाणांचं दुकान, त्यामुळं घरात कुणाचीही बाजू न घेण्याची त्याला गिऱ्हाइकांनी सवय लावली होती.

"तुम्ही सांगा. गुंडाळू का नको?"

मल्लिनाथनं कागदात गुंडाळलेलं संत्रं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, हुंगलं. "हे संत्रं हाय हे गुंडाळूनबी कळतंय," तो म्हणाला आणि शर्ट घालून दुकानाला निघून गेला.

अंजूनं पाचही वस्तू गुंडाळल्या. कागदामुळं प्रत्येक वस्तूला कोपरे आले, आणि भरलेला मोजा असा काही दिसायला लागला, की जणू कुणाचा तरी पाय चार ठिकाणी मोडून प्लॅस्टरमध्ये घातलाय. पण ती समाधानानं झोपली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शाळेचा ऑटो दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला. अंजूनं मोजा शिवांशच्या हातात द्यायला उचलला, तर तो तिला हलका लागला. तिनं वरचं पुडकं काढून दाबलं. चॉकलेटचं पुडकं बोटाखाली आत दबलं. कागदाच्या आत थर्माकोलचा तुकडा होता.

"शिवांश!"

"मी फक्त चव बघितली."

"सगळ्या चॉकलेटची?"

शिवांशनं बुटाकडं बघितलं. कागद होता तसा पुन्हा चिकटवायची अक्कल त्याला कुठून आली, हे विचारायला वेळ नव्हता. लक्ष्मम्मांचा चेहरा मात्र उजळला. "बघ! उघडं ठेवलं असतं तर कळलं असतं की न्हाई लगेच?"

"अत्या, नंतर! आता पाचवं काय घालू?"

ऑटोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. लक्ष्मम्मा तरातरा आत गेल्या आणि आहेराचं कपाट उघडलं.

आहेराचं कपाट म्हणजे त्या घरातली एक संस्था होती. बारसं, वाढदिवस, वास्तुशांत, कुठंही काही मिळालं आणि त्याला कागद असला, की ते तसंच त्या कपाटात जायचं. देणाऱ्यासमोर उघडणं बरं दिसत नाही, आणि तो गेल्यावर उघडलं तर कागद खराब होतो. मग पुढच्या कुणाच्या बारशाला तेच पुडकं त्याच कागदात जायचं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात असं एक कपाट होतं, आणि काही पुडकी तर गल्लीतल्या माणसांपेक्षा जास्त फिरलेली होती.

"हे घे, बारकं हाय," म्हणून लक्ष्मम्मांनी फुग्यांचं चित्र असलेलं चौकोनी पुडकं आणलं. अंजूनं मोज्यातलं सगळं बाहेर काढलं, ते पुडकं पार अंगठ्यात बसवलं, वर बाकीचं कोंबलं. ऑटो गेला.

मल्लिनाथ चहा पिता पिता म्हणाला, "त्या शेवटच्या पुडक्याला दवाखान्यातली पांढरी पट्टी कामून लावली होती?"

अंजू दारातून घाईघाईनं आत वळली.

"अत्या, कुणी दिलेलं होतं ते?"

लक्ष्मम्मांनी डोळे मिटले. कोणतं पुडकं कुणाचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं, म्हणून तर आजवर एकही पुडकं उलटं गेलं नव्हतं. "फुग्याचा कागद... शिवांशच्या वाढदिवसाचा... अय्यय्यो!"

"कुणाचं?"

"परेमच्या आईचं."

महामायानं शिवांशला दिलेलं महामायाच्याच मुलाला परत! रुसलेल्या माणसाला मनवायला निघालो आणि त्याचाच आहेर त्याच्या तोंडावर मारला, असं झालं होतं.

"बघायच्या आधी बदलून येऊ," मल्लिनाथनं धीर दिला. "एवढं काय? पोरं मोजे घरी नेतील, मग उघडतील."

तेवढ्यात मोबाइल वाजला. ऋतुजा मॅडमचा निरोप होता: 'सर्व पालकांनी यावे. मोजे घरी न नेता हॉलमध्येच सर्वांसमोर उघडायचे आहेत.'

मल्लिनाथनं दुकानातून कंपनीनं फुकट दिलेली एक छोटी बॅटरी आणली. अंजूनं कागदाकडं हात नेला, तशा लक्ष्मम्मा कडाडल्या, "आता ह्यालाबी कागद?" अंजूनं बॅटरी तशीच पर्समध्ये टाकली आणि स्कूटी काढली. लक्ष्मम्मा मागं बसल्या. "मीबी येते. मीच दिलंय ते."

शाळेच्या हॉलमध्ये दोरीवर मोजे टांगलेले होते, वाळत घातल्यासारखे. प्रत्येकावर मुलाचं नाव. अजून कुणी आलं नव्हतं. लक्ष्मम्मांना दारात राखणीला उभं करून अंजू लहान मुलांच्या बाकावर चढली आणि प्रेमच्या मोज्यात हात घातला. आधी स्केचपेन आलं, मग मोटार. प्रत्येक कागद असा कुरकुरत होता, की साऱ्या शाळेला ऐकू जावं. पाचवं पुडकं पार खाली. अंजूनं हात कोपरापर्यंत आत घातला. बोटांना पुडकं लागलं आणि त्याच वेळी बांगड्या मोज्याच्या विणीत अडकल्या. हात ना वर, ना खाली.

"सापडलं का गं?" लक्ष्मम्मा दारातून ओरडल्या, आणि ओरडतानाच त्यांच्या शेजारून पालकांची रांग आत आली. सर्वांत पुढं पांढऱ्या गणवेशात महामाया होती.

महामायानं बाकावर उभ्या अंजूकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं.

"अंजूताई, आमच्या पोराचा मोजा हाय तो."

"माहिती हाय. मीच भरलाय."

"मग रिकामा कामून करून राहिल्या?"

ऋतुजा मॅडमनी दोरी सोडली, मोजा उतरवला, बांगड्या एकेक करून सोडवल्या, आणि हसतमुखानं म्हणाल्या, "चला, आता प्रेमपासूनच सुरुवात करू!"

प्रेम जमिनीवर बसला आणि मोजा उलटा करून झटकला. सगळ्यांत शेवटी पडलं ते फुग्यांचं पुडकं. घडी अशी, की दवाखान्यातली ड्रेसिंगची गुंडाळी असावी. कडेला पांढरी पट्टी.

"मम्मी!" प्रेम ओरडला. "हे तू गुंडाळलं व्हतं!"

अंजूनं डोळे मिटून घेतले. कागद फाटल्याचा आवाज आला. मग डबी उघडल्याचा. मग प्रेमचा, अक्षरं लावून वाचण्याचा. "शि... वां... श." तो गोंधळून म्हणाला, "मम्मी, कड्यावर शिवांशचं नाव हाय."

अंजूनं डोळे उघडले. प्रेमच्या हातात चांदीचं कडं होतं. आतून कोरलेलं नाव चमकत होतं.

महामायाचा आवाज बारीक झाला. "तुम्ही... उघडलंच न्हवतं?"

"न्हाई गं," अंजूच्या तोंडून निघालं. "कपाटात होतं. मला काय माहिती आत हे..."

"चूक माझी हाय, बाई," लक्ष्मम्मा मध्ये आल्या. "आमच्या घरात लेकराचं कोण उघडतंय? मी उचललं आन् टाकलं कपाटात."

महामाया खाली बसली. पालक, मुलं, मॅडम, कुणाचंच तिला भान नव्हतं. "वरीसभर माझं लेकरू तुझ्या ताटात जेवलं, अंजे. मी पहिल्यांदा चांदी घेतली ती त्याच्यासाठी. रोज बघायची, शिवांशच्या हातात हाय का म्हणून. एक दिवस न्हाई घातलं. मला वाटलं..." तिनं प्रेमच्या हातातलं कडं घेतलं. "मला वाटलं, आमच्या हातचं घरात चालतंय, पण लेकराच्या अंगावर चालत न्हाई."

अंजूला रडू आवरेना. ती बाकावरून उतरली आणि महामायाशेजारी फरशीवरच बसली. "येडी हायस का तू? तोंडानं एकदा विचारायचं तरी."

"आपणच दिलेल्या आहेराचं कसं विचारायचं?"

अंजूनं नाक पुसलं. "आन् मी परेमच्या वाढदिवसाला दिलेलं आवडलं का?"

महामाया प्रेमच्या मोज्यातली पुडकी गोळा करायला लागली.

"महामाया?"

"दवाखान्यातल्या सरजाबाईच्या नातवाच्या बारशाला दिलं गं, मुखेडला. तसंच, कागदासकट. त्यात काय होतं?"

अंजूनं सासूकडं पाहिलं. लक्ष्मम्मा छताकडं बघत होत्या.

"मला काय माहिती?" अंजू म्हणाली. "मीबी उघडलं न्हवतं."

पहिल्यांदा महामायाच हसली, मग अंजू. मग लक्ष्मम्मा पदर तोंडात घालून इतक्या हसल्या, की ऋतुजा मॅडमना त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं.

त्या गडबडीत शिवांश पुढं आला. "ते माझं हाय ना?" म्हणून त्यानं हात केला. श्रावणापासून त्याचं मनगट चांगलंच भरलं होतं. कडं अंगठ्याच्या हाडापाशी अडलं. महामायानं त्याचा हात मांडीवर घेतला, बोटं मिटवली आणि पर्समधल्या व्हॅसलीनचं बोट फिरवून कडं अलगद आत सरकवलं.

शिवांशनं हात हलवला, ओढून पाहिलं. कडं जागचं हललं नाही.

"मावशी, आता हे निघत न्हाई."

"राहू दे," महामाया म्हणाली. तिनं त्याचा हात मात्र बराच वेळ सोडला नाही.